हंगाम, उचल आणि रोजची एक गोळी

माझी थोरली बहीण ऊसतोड कामगार आहे आणि ती एचआयव्हीसह जगते. तिचे निदान, उपचारांची सुरुवात, ऐन हंगामात ते उपचार चालू ठेवण्याची धडपड, तिचे बाळंतपण आणि नंतर बाळाच्या अठरा महिन्यांपर्यंतच्या तपासण्या या सगळ्या प्रक्रियेत मी तिच्याबरोबर होतो. हा मजकूर मी तिला वाचून दाखवला आहे आणि तिच्या संमतीनेच तो लिहीत आहे. गाव, तालुका, कारखाना आणि रुग्णालये यांची नावे मात्र आम्ही दोघांनी ठरवून वगळली आहेत, कारण एका टोळीतल्या माणसांना ओळख पटण्यासाठी कारखान्याचे नावही पुरेसे असते. लिहावेसे वाटण्याचे कारण एवढेच, की औषध मध्येच सोडणाऱ्या रुग्णांबद्दल 'यांना स्वतःचीच काळजी नाही' असे शेरे मी शासकीय रुग्णालयांच्या रांगांमध्ये पुष्कळदा ऐकले. ताईचे औषध आजवर सुटलेले नाही. परंतु ते सुटण्याचे प्रसंग ज्या ज्या वेळी आले, त्या प्रत्येक वेळी कारण तिच्या मनात नव्हते. ते तिच्या कामाच्या पद्धतीत, तिच्या कर्जात, तिच्या बाई असण्यात आणि तिच्याकडे पाहणाऱ्यांच्या नजरेत होते.

आम्ही बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातले. जमीन आहे, पण ती पावसावर चालणारी आणि हलकी. त्यामुळे दिवाळी झाली की गावातली निम्मी घरे कुलूपबंद होतात आणि माणसे पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. आई-वडीलही तोडीला जात. दरवर्षी निघताना मला आजीजवळ ठेवले जाई, म्हणजे माझी शाळा बुडू नये. आणि ताईला बरोबर नेले जाई, म्हणजे फडावर, ऊस तोडायच्या शेतावर, धाकट्या भावंडांना सांभाळायला, पाणी आणायला आणि पहाटे चूल पेटवायला कोणीतरी असावे. मी शिकलो आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झालो. ताईचे शिक्षण तिसरीत थांबले, लग्न सतराव्या वर्षी झाले आणि लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात तिच्या हातात कोयता आला. पुढे सांगणार आहे त्यातील पुष्कळशा गोष्टींचे मूळ या एका निर्णयात आहे, आणि असा निर्णय घेणारे आमचे घर गावात एकटे नव्हते.

सप्टेंबर 2022 मध्ये ताई पाचव्या महिन्याची गरोदर असताना ग्रामीण रुग्णालयात नियमित तपासणीसाठी गेली. गरोदर स्त्रियांच्या रक्ताची जी तपासणी होते तिच्यात एचआयव्हीची चाचणीही असते. तिच्या आधीच्या दोन बाळंतपणांपैकी एक फडावर झाले होते आणि दुसरे गावातल्या घरी. त्यामुळे ही चाचणी तिच्या बाबतीत कधी झालीच नव्हती. समुपदेशक ताईंनी तिला आत बोलावले, दार लावून घेतले आणि वेगवेगळ्या किटवर केलेल्या चाचण्यांचा निष्कर्ष सांगितला. त्या बाईंचा एक गुण मला इथे नोंदवलाच पाहिजे: त्यांनी प्रथम 'हे कुणामुळे झाले' हा प्रश्न काढला नाही. बाळाला संसर्ग होऊ नये यासाठी काय करता येते, ते आधी सांगितले. आईवर काहीच उपचार झाले नाहीत तर गर्भारपण, प्रसूती आणि स्तनपान मिळून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता 15 ते 45 टक्क्यांपर्यंत असते. वेळेवर उपचार सुरू होऊन ते नीट चालले तर ती 5 टक्क्यांच्या खाली आणता येते. ताईने त्या संध्याकाळी मला फोन केला तेव्हा बाकी सगळे विसरून हेच दोन आकडे तिने मला पाठ सांगितले.

सासरी मात्र पहिला प्रश्न तोच निघाला. चाचणी तिची झाली होती, म्हणून आजार तिने आणला, असा सरळ हिशेब झाला. दाजींनी चाचणी करून घ्यावी असे समुपदेशक बाई सांगत होत्या, पण ते तयार होत नव्हते. त्यांच्या नकाराकडे मी त्यावेळी संतापाने पाहत होतो. तरी त्यामागचे एक कारण खरे होते. त्या रुग्णालयातील एक कर्मचारी त्यांच्या भावकीतला होता. वाडीवरच्या आशाताई, म्हणजे आरोग्याचे काम पाहणाऱ्या गावातल्याच कार्यकर्ती, याही ताईच्या चुलत जावेच्या सख्ख्या बहीण. ज्या यंत्रणेची सारी भिस्त गावातल्याच ओळखीच्या कार्यकर्तीवर आहे, ती लसीकरणासाठी, बाळंतपणासाठी उत्तम चालते. पण जी गोष्ट गावापासूनच लपवायची आहे तिच्यासाठी हीच ओळख भिंत होऊन उभी राहते. एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा 2017 मध्ये संमत झाला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. त्यात रुग्णाच्या संमतीवाचून त्याची स्थिती उघड करण्यास मनाई आहे. तरीही रुग्णालयाच्या व्हरांड्यात कोण कोणत्या खोलीसमोर बसले होते, एवढ्यावरून गावाला कळायचे ते कळते.

औषध सुरू होण्यात अडचण आली नाही, आणि हे मी मोठ्या समाधानाने लिहितो. 1 एप्रिल 2004 रोजी शासनाने मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणारी औषधे, देणे सुरू केले तेव्हा ते सुरुवातीला अधिक प्रादुर्भावाच्या सहा राज्यांत, मोजक्या केंद्रांवर मिळत असे, आणि सीडी-4 या रोगप्रतिकारक पेशींची संख्या बरीच खाली गेल्याशिवाय औषध सुरू होत नसे. आमच्या वाडीतले एक जोडपे त्या काळात, औषध मिळण्याआधीच, वर्षभराच्या अंतराने गेले. 2017 पासून धोरण बदलले. निदान झालेल्या प्रत्येकाला, पेशींची संख्या कितीही असो, उपचार द्यायचे असे ठरले. ताईची क्षयरोगासाठी विचारपूस झाली, रक्ताच्या बाकीच्या तपासण्या झाल्या, आणि काही दिवसांतच तीन औषधे एकत्र असलेली, दिवसातून एकदा घ्यायची गोळी तिच्या हाती आली. सोबत हिरव्या मुखपृष्ठाचे पुस्तक मिळाले, ज्यात पुढची तारीख लिहून देतात. पहिली तारीख पंधरा दिवसांनंतरची होती, पुढची महिन्याने.

खरी अडचण या तारखांमध्येच होती. ऑक्टोबरच्या अखेरीस टोळी कोल्हापूर जिल्ह्यात जाणार होती.

ऊसतोडीच्या धंद्यात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, हंगामाआधी, पावसाळ्यातच, कोयत्यामागे उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, देतो, आणि ती उचल जोडीच्या नावावर असते. दाजींनी जूनमध्ये घेतलेली उचल थोरल्या दिराच्या आजारपणात आणि पेरणीत खर्च झाली होती. ताई गरोदर आहे, यंदा तिला मागे राहू द्या, असे सांगायला मी स्वतः मुकादमाकडे गेलो. आजाराबद्दल अर्थातच काही बोललो नाही. त्यांनी मला चहा पाजला, अदबीने बसवले आणि सांगितले, "गुरुजी, उचल जोडीनं घेतलीय. अर्धा कोयता मी कारखान्याला काय म्हणून दाखवू? पोटुशा बाया काय पहिल्यांदा चालल्यात का?" त्यांचे म्हणणे त्यांच्या जागी व्यवहाराचे होते, तेही कारखान्याचे पैसे देणे लागत होते. उचल परत करायची तर माझ्या पगारातून ती एका वेळी निघण्यासारखी नव्हती. ताई गेली.

जाण्यापूर्वी आम्ही एआरटी केंद्रात जाऊन सारी स्थिती सांगितली. तिथल्या डॉक्टरांना हंगाम ठाऊक होता. त्यांनी नेहमीपेक्षा अधिक दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि कोल्हापूर भागातील केंद्रासाठी बदलीपत्र तयार करून दिले. कागदावर ही व्यवस्था निर्दोष आहे: रुग्णाने एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात नाव हलवावे, पुस्तक दाखवावे, औषध घ्यावे. देशात कुठेही असे करता येते. पण बदलीपत्र देणाऱ्याला रुग्ण कुठे जाणार आहे ते माहीत असावे लागते, आणि टोळी कुठे उतरणार हे टोळीलाही माहीत नसते. कारखान्याचे गट कार्यालय सांगेल त्या शिवारात कोप्या, म्हणजे राहायची खोपटी, पडतात. तिथला ऊस संपला की चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा फडावरचा कर्मचारी, पुढचे गाव सांगतो आणि बिऱ्हाड उचलायचे. जे केंद्र आम्ही जवळचे म्हणून निवडले होते, त्यापासून ताईची टोळी पहिल्या पंधरवड्यातच दोन तालुके पलीकडे गेली. आम्ही पुन्हा फोन केले, पुन्हा पत्र बदलून घेतले. हे फोन मी करत होतो. शाळेच्या मधल्या सुट्टीत, इंटरनेटवर क्रमांक शोधून, अधिकाऱ्यांशी नेमक्या शब्दांत बोलून. ताईच्या टोळीत अशा रीतीने फोन करू शकणारे दुसरे कोणी नव्हते, आणि ज्यांच्या घरात शिकलेला भाऊ नाही अशा बायकांचे काय होत असेल हा विचार मला तेव्हापासून सोडत नाही.

औषध फुकट मिळते, पण ते आणायला जाण्याचा दिवस फुकट मिळत नाही. कोयत्यातील एक जण कामावर आला नाही तर त्या दिवसाचा खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, धरला जातो. त्या टोळीत तो पाचशे रुपये होता. त्या हंगामात टनामागे पावणेतीनशेच्या आसपास दर होता आणि चांगली जोडी दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडते. म्हणजे ताई केंद्रात गेली, की जोडीची दिवसाची मजुरी बुडणार, वर तेवढाच खाडा उचलीत चढणार, आणि जाण्यायेण्याचे भाडे वेगळे. केंद्र सकाळी उघडते, रांग लागते, दुपार होते. फडावरून मुख्य रस्त्यापर्यंत चालत, तिथून वडापने, मग एसटीने असा तिचा रस्ता होता. आठव्या महिन्यातली बाई. एकदा ऊस वाहून नेणाऱ्या ट्रॅक्टरच्या चालकाने तिला रस्त्यापर्यंत सोडले, तर कोपीवर त्यावरूनही बोलणे झाले.

गोळी घेणे हेही सोपे नव्हते. कोपी म्हणजे बांबूच्या कामट्या, चटई आणि ताडपत्रीचे, आत माणूस नीट उभा राहू शकणार नाही असे खोपटे. एकाला लागून एक अशा वीस-पंचवीस कोप्या. कडी नाही, कुलूप नाही, कपाट नाही. गोळ्यांची प्लास्टिकची बाटली हलली की खुळखुळते, आणि तो आवाज शेजारच्या कोपीत जातो. केंद्रातल्या बाईंनी गोळ्या मूळ बाटलीतच ठेवायला सांगितल्या होत्या, कारण दुसऱ्या डब्यात त्यांना ओल लागते. म्हणून ताईने बाटलीवरचे लेबल खरडून काढले, आत कापसाचा बोळा दाबून बसवला आणि बाटली बाळासाठी शिवलेल्या दुपट्यांच्या गाठोड्यात ठेवली. गोळी रोज ठरल्या वेळी घ्यायची, आणि रुग्णांना बहुधा रात्री झोपताना घ्या असे सांगतात. पण फडावर रात्रीला वेळ नसते. ट्रक किंवा ट्रॅक्टर येईल तेव्हा, दहाला असो वा दोनला, मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचे आणि गाडी भरायची. दोन-तीन दिवस गोळी मागेपुढे झाल्यावर ताईने स्वतःच वेळ बदलली. पहाटे चारच्या सुमारास ती भाकरी थापायला उठते. त्यावेळी दाजी आणि मुले झोपलेली असतात आणि शेजारच्या बायका आपापल्या चुलीत गुंतलेल्या असतात. पहिली भाकरी तव्यावर टाकली की गोळी. समुपदेशकांना तिने विचारले, त्यांनी हो म्हटले, आणि तीच वेळ आजही चालू आहे. मला हे सांगताना तिचा जो अभिमान वाटतो तो लपवण्याचे कारण नाही. कोणत्याही पुस्तिकेत नसलेला हा मार्ग तिसरी शिकलेल्या बाईने स्वतः काढला.

जानेवारी 2023 मध्ये, मध्यरात्रीनंतर तिला कळा सुरू झाल्या. दाजींनी तिला जवळच्या रुग्णालयात नेले आणि केंद्रात सांगितले होते त्याप्रमाणे हिरवे पुस्तक दाखवले. पुस्तक पाहिल्यावर तिथे 'आमच्याकडे याची सोय नाही, मोठ्या दवाखान्यात न्या' असे सांगण्यात आले. दाजींनी मला फोन लावून तो ड्यूटीवरील व्यक्तीच्या हातात दिला. एचआयव्ही आहे या कारणावरून उपचार नाकारणे कायद्याने निषिद्ध आहे, सुरक्षित प्रसूतीसाठी जी हातमोजे वगैरेंची दक्षता घ्यायची ती प्रत्येकच बाळंतिणीच्या वेळी घ्यायची असते, हे मी जमेल तितक्या शांतपणे सांगितले. 'रिस्क आहे, तुम्ही वेळ घालवू नका' एवढेच उत्तर आले. 108 ची रुग्णवाहिका मिळाली आणि पहाटे मोठ्या शासकीय रुग्णालयात ताई सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. तिथल्या डॉक्टर आणि परिचारिकांनी प्रसूती नीट केली, बाळाला संसर्ग होऊ नये म्हणून नेव्हिरापीनचे औषध लगेच सुरू केले. त्यांच्याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. पण मी दुसऱ्या दिवशी पोहोचलो तेव्हा ताईच्या खाटेला अडकवलेल्या केस पेपरवर लाल शाईने, वॉर्डात येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत तिची स्थिती लिहिलेली होती. शेजारच्या खाटेवरच्या नातेवाइकांनी आपली खाट सरकवून घेतली होती. मी परिचारिकांना विनंती केली, तेव्हा त्यांनी तो कागद तत्काळ आत नेला आणि दुसरा लावला. त्यांचा हेतू वाईट नव्हता. सगळ्यांनी काळजी घ्यावी म्हणून अशी खूण करण्याची तिथे सवयच पडलेली होती. ताईने मात्र त्या दिवसापासून वॉर्डातल्या नळावर पाणी भरायला जाणे सोडले.

त्याच रुग्णालयात एक चांगली गोष्ट घडली. दाजींनी स्वतः होऊन चाचणी करून घेतली. मी काही बोललो नव्हतो. इथे त्यांना ओळखणारे कोणी नव्हते, भावकी नव्हती, आणि बायकोला रात्री दारातून परत पाठवलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यांचीही चाचणी सकारात्मक आली आणि त्यांचेही औषध सुरू झाले. आपल्या मुलखात अशक्य झालेली गोष्ट परक्या जिल्ह्यात शक्य झाली. स्थलांतराने रुग्णाचे नुकसानच होते असे जे मी धरून चालत होतो, त्याला हा अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. दोघांचे निदान झाल्यावरही सासूबाईंच्या लेखी आजार आणणारी ताईच राहिली. दाजींनी घरात एकदा स्पष्टपणे 'तिच्यावर घालू नका' असे सांगितले, तेव्हापासून निदान तिच्यासमोर तो विषय निघत नाही.

बाळाला अंगावर पाजावे की नाही, यावर टोळीतल्या बायकांना काही कळू न देता निर्णय घ्यायचा होता. समुपदेशकांनी स्पष्ट सांगितले होते, की आईचे औषध नियमित चालू असेल तर पहिले सहा महिने केवळ अंगावरचे दूध द्यावे. वरचे पाणी, मध, घुटी काहीही देऊ नये. वरच्या दुधाचा पर्याय फडावर धोक्याचाच होता, कारण पिण्याचे पाणी शेतातल्या विहिरीचे आणि बाटली उकळून घ्यायला इंधन म्हणजे उसाचे पाचट. ताई बाराव्या-तेराव्या दिवशी मोळ्या बांधायला उभी राहिली. बाळ बांधावर, बाभळीला बांधलेल्या झोळीत.

सहा आठवड्यांनी बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन ते कागदावर वाळवतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. हा नमुना मार्चच्या सुरुवातीला तिकडे घेतला गेला. निकाल यायच्या आत कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि टोळी गावी परतली. निकाल जिथे नमुना घेतला तिथे, बाळ बीड जिल्ह्यात, आणि केंद्राच्या नोंदीत असलेला फोन दाजींचा, ज्याचे रिचार्ज संपून तो बंद पडलेला. त्या केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी आमच्याकडच्या केंद्राशी संपर्क साधून निकाल पोहोचवला, म्हणून तो कळला. संसर्ग आढळला नव्हता. त्यांनी तसे केले नसते, तर नोंदवहीत आमच्या बाळापुढे 'संपर्क होऊ शकला नाही' असा शेरा पडला असता. अशा शेऱ्यांची बेरीज करून मग अमुक भागातील लोक पाठपुराव्याला येत नाहीत असे अहवालात छापले जाते.

गावी आल्यावर मिळू शकणाऱ्या मदतीचा मी शोध घेतला. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एचआयव्हीबाधितांचा समावेश आहे. दरमहा रक्कम पूर्वी हजार रुपये होती, 2023 मध्ये ती दीड हजार झाली. पण वार्षिक उत्पन्नाची अट 21,000 रुपयांची, आणि अर्ज ज्या टेबलांवरून जातो ती टेबले तलाठ्यापासून समितीपर्यंत आमच्याच ओळखीची. एसटीच्या प्रवासातही एचआयव्हीबाधितांसाठी सवलत आहे. मात्र ती घेताना दाखला वाहकाच्या हातात द्यावा लागतो, आणि आमच्या मार्गावरच्या वाहकांना गावातली घरेदारे माहीत आहेत. ताईने दोन्ही नाकारले. मी तिला पुष्कळ समजावले. तिचे म्हणणे असे, की दीड हजारासाठी पोरींची लग्ने मोडतील. 17 मार्च 2023 पासून मात्र राज्यातल्या सर्वच स्त्रियांना एसटीत अर्धे तिकीट लागू झाले. त्या सवलतीने तिला काहीही विचारले नाही, काही दाखवायला लावले नाही. केंद्रात जाण्याचा तिचा खर्च ज्या योजनेने निम्मा केला त्या योजनेचा एचआयव्हीशी काहीही संबंध नाही, आणि खास तिच्यासाठी केलेली तरतूद तिने कधी वापरली नाही. धोरणे आखणाऱ्यांनी या एका गोष्टीवर थांबून विचार करावा असे मला मनापासून वाटते. आजाराचे नाव सांगून घ्यावी लागणारी मदत आणि सगळ्यांना सरसकट मिळणारी मदत यांत, ज्याला लपून जगावे लागते त्याच्यापर्यंत दुसरीच पोहोचते.

प्रतिबंधाच्या बाबतीतही काहीसे असेच झाले आहे. स्थलांतरितांसाठीचे कार्यक्रम प्रामुख्याने घर सोडून एकट्याने शहरात राहणाऱ्या पुरुषाला डोळ्यांसमोर ठेवून आखले गेले. ऊसतोड कामगार जोडीने जातो, म्हणून तो 'कुटुंबासोबत' आहे असे समजले जाते. प्रत्यक्षात फडावर बाईला अंघोळीला आडोसा नसतो, पाळीच्या दिवसांतही काम थांबत नाही, अंगावरून जाणे, खाज, ओटीपोटात दुखणे यांना वर्षानुवर्षे उपचार नसतो, आणि असे उपचाराविना राहिलेले संसर्ग एचआयव्हीचा धोका वाढवतात. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या हजारो स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्याचे प्रकरण 2019 मध्ये गाजले, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली. त्या चर्चेत खाजगी दवाखान्यांवर बोट ठेवले गेले, आणि ते योग्यच होते. परंतु त्या बायका तिथपर्यंत गेल्या त्या याच दुखण्यांना कंटाळून आणि खाड्याला घाबरून, हा भाग फार थोड्या ठिकाणी बोलला गेला. ताईची मोठी जाऊ त्यांपैकी एक आहे. निरोध वापरण्याबद्दल नवऱ्याशी बोलता येते का, असे समुपदेशकांनी एकदा विचारले होते. ताईने मला नंतर सांगितले, की निदान होण्याआधी असे बोलली असती तर तिच्यावरच संशय घेतला गेला असता.

सहा महिन्यांनी ताईची व्हायरल लोडची तपासणी झाली आणि रक्तात विषाणू आढळण्याइतका राहिलेला नाही असा निकाल आला. अशा स्थितीत शरीरसंबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही, हे आता जगभर मान्य झालेले आहे. दाजींचाही निकाल पुढे तसाच आला. पुढच्या हंगामात ताई गावीच राहिली. उचल कमी घेतली होती आणि दाजी धाकट्या भावाबरोबर कोयता धरून गेले. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये बाळाची अठरा महिन्यांची चाचणी झाली. अंगावरचे दूध वर्षाच्या सुमारास बंद केले होते, त्यामुळे हा निकाल अंतिम धरता येणार होता. निकाल नकारात्मक आला. समुपदेशक बाईंनी तो दोनदा वाचून दाखवला आणि ताईला कागदाची प्रत हवी का विचारले; तिने नको म्हटले, घरात कागद नको.

आता प्रकृती स्थिर असलेल्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देता येतात, त्यामुळे हंगामात फेऱ्या कमी पडतात, आणि ताई-दाजी दोघांनाही त्या मिळतात. तरी पूर्ण हंगाम सहा महिन्यांचा असतो. यंदा ते दोघे पुन्हा एकत्र निघाले. केंद्रातून बदलीची कागदपत्रे आधीच तयार करून घेतली, दोन संभाव्य ठिकाणांचे संपर्क लिहून घेतले आणि माझा क्रमांक पर्यायी म्हणून नोंदवला. उचल घेताना दाजींनी मुकादमाशी बोलून एक गोष्ट ठरवून घेतली: महिन्यातला एक दिवस ताईला बिनखाड्याचा. कारण म्हणून बाळाचे डोस सांगितले आहेत. मुकादमांनी मान्य केले, लेखी काही नाही. बाळ दोन वर्षांचे झाले की बहुतेक डोस संपतात. पुढच्या उचलीच्या वेळी दुसरे काहीतरी कारण द्यावे लागेल.